माइनक्राफ्टमधले नकोसे मॉड काढताना
चतुर्थीच्या सुट्टीत फोंड्याला भाच्याच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट सुरूच होईना. अशा वेळी दोष बहुतेक एखाद्या मॉडचा, म्हणजे गेममध्ये नव्या गोष्टी आणणाऱ्या बाहेरच्या जोड-फाइलीचा असतो. मॉड काढण्याआधी ‘सेव्ह्ज’ फोल्डरची (खेळातली जगं यात साठवलेली असतात) कॉपी दुसरीकडे ठेवा. हे टाळू नकाच: मॉडने आणलेले ठोकळे मॉडबरोबरच त्या जगातून नाहीसे होतात, आणि पोराने महिनाभर खपून बांधलेलं घर परत येत नाही.

मग विंडोजमध्ये ‘ॲपडेटा’, ‘रोमिंग’, ‘डॉट माइनक्राफ्ट’ असं जात ‘मॉड्स’ फोल्डर उघडा. फाइली डिलीट न करता अर्ध्या डेस्कटॉपवर हलवा आणि गेम चालवून बघा. चालला, तर बिघाड बहुतेक हलवलेल्यांत, नाहीतर उरलेल्यांत. ज्या गटात बिघाड, त्याच्या पुन्हा अर्ध्या करून तसंच बघा. ४० मॉड असले तरी बिघडलेला मॉड साधारण सहा फेऱ्यांत सापडतो. फॅब्रिक एपीआयसारखे आधाराचे मॉड, म्हणजे ज्यांच्याशिवाय इतर मॉड चालत नाहीत ते, मात्र जागेवरच राहू द्या.