फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर पाठ दुखते तेव्हा

फुप्फुसाची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेला रुग्ण टाके दुखणार हे धरूनच चाललेला असतो. पाठही दुखेल हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. क्षयामुळे छातीत पू साठून फुप्फुसावर जमलेले जाड आवरण काढण्यासाठी माझ्या वडिलांची छाती उघडावी लागली होती. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतल्यावर त्यांची पहिली तक्रार होती ती ‘पाठीत उसण भरली’ अशी. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘पडून राहा, हलू नका’ असे बजावून जाई, आणि आम्ही दहा-बारा दिवस तो सल्ला इतक्या निष्ठेने पाळला की दुखणे कमी होण्याऐवजी खांद्यापासून कमरेपर्यंत पसरले.

ही पाठदुखी बहुतेक वेळा कण्याच्या आजाराची नसते. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला चांगल्या बाजूच्या कुशीवर, वरचा हात डोक्याकडे घेऊन, काही तास एकाच स्थितीत ठेवलेले असते. छाती उघडून शस्त्रक्रिया केली असेल, तर दोन बरगड्यांमधली फट उपकरणाने रुंद केली जाते आणि पाठीचे व काखेखालचे स्नायू कापले किंवा बाजूला ओढले जातात. बरगडीचे मागचे टोक मणक्याला सांध्याने जोडलेले असल्यामुळे बाजूला दिलेला ताण पाठीच्या त्या सांध्यापर्यंत पोहोचतो. त्यातच प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस पाठीकडून पुढे छातीकडे येते. ती दाबली किंवा दुखावली गेली की पाठीत जळजळ होते, छातीपर्यंत विजेसारखी कळ जाते आणि छातीच्या पुढच्या भागाची कातडी बधिर वाटते. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत छेद लहान असतात, पण उपकरणे आणि नंतर छातीतली हवा व पाणी बाहेर काढायला ठेवलेली नळी बरगड्यांमधल्या फटीतूनच जात असल्याने तिथेही हा त्रास काही अंशी होतोच.

हे झाले सुरुवातीचे कारण. पुढचे कारण आपण स्वतः तयार करतो. जखमेला ताण बसू नये म्हणून रुग्ण नकळत त्या बाजूला झुकून बसतो, खांदा पुढे ओढून घेतो, हात पोटाशी धरून ठेवतो आणि श्वासही वरवर घेतो. काही दिवसांत दुसऱ्या बाजूचे स्नायू तोल सांभाळून थकतात, शस्त्रक्रियेच्या बाजूचे आखडतात आणि खांदा जाम होऊ लागतो. म्हणून दिवसातून दोनदा आरशासमोर उभे राहून दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का हे पाहावे, किंवा घरातल्या कोणाला मागून पाहायला सांगावे. वडिलांचा उजवा खांदा चांगला दोन बोटे खाली आला होता, आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

सरळ बसायचे, खोकायचे आणि चालायचे, तर आधी दुखणे आटोक्यात हवे, आणि त्यासाठी गोळी वेळेवर घ्यावी लागते. ‘सहन होतंय तोवर गोळी नको’ हा आपल्याकडचा बाणा इथे उपयोगाचा नाही, कारण दुखणाऱ्या छातीने खोल श्वास घेता येत नाही, आणि खोल श्वास घेतला नाही तर कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी आणि व्यायाम तिच्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने करावा. पॅरासिटामॉल प्रौढ माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांपेक्षा, कधीही जास्त घेऊ नये. वजन कमी असलेल्यांनी, यकृताचा त्रास असलेल्यांनी आणि क्षयाची औषधे चालू असलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, कारण क्षयाच्या काही औषधांचा भार आधीच यकृतावर असतो. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, हे हिशेबात धरावे. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार, पोटात व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल तर ते महागात पडते. ट्रॅमाडॉलसारख्या जास्त तीव्र वेदनाशामक गोळीने बद्धकोष्ठता होते आणि कुंथताना बरगड्यांत कळ येते, म्हणून ताक, पालेभाजी आणि पुरेसे पाणी घ्यावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावे. देशी पद्धतीच्या संडासात उकिडवे बसणे आणि विशेषतः तिथून उठणे पाठीला जड जाते; मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची त्यावर ठेवली की काम भागते.

आमच्याकडची सुतळीची बाज मध्ये खोल गेलेली असते आणि तिच्यात पाठ कमानीसारखी वाकते. पहिले काही आठवडे लाकडी पलंगावर कापसाची घट्ट गादी टाकून, पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखे झोपावे आणि एक उशी गुडघ्यांखाली घ्यावी. कुशीवर झोपायचे असल्यास वरच्या हाताखाली उशी ठेवावी, म्हणजे खांद्याचे वजन जखमेवर लोंबकळत नाही. एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस काढलेले असेल, तर कोणत्या कुशीवर झोपायचे हे सर्जनला विचारूनच ठरवावे. उठताना सरळ झटक्याने उठू नये, किंवा घरच्यांनी हात ओढून उठवू नये. आधी गुडघे वाकवावेत, खांदे आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर यावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताच्या कोपराने रेटा देत बसावे.

खोकला येतो तेव्हा पाठीत सणक भरते, म्हणून रुग्ण तो दाबतो, आणि ते चुकीचे आहे. उशी किंवा घडी केलेली चादर जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरावी, थोडे पुढे झुकावे आणि मग खोकावे. कफ सुटत नसेल तर तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ सोडतो तसा ‘हाऽ’ करत दोन-तीनदा जोराने श्वास सोडावा. तीन चेंडूंचे स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाच्या व्यायामाचे साधन, दिले असेल तर श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. आमच्या घरी पहिले दोन दिवस वडील त्यात फुंकर मारत होते. छातीभोवती पट्टा करकचून बांधला की बरे वाटते खरे, परंतु त्याने श्वास आखूड होतो, म्हणून सांगितल्याशिवाय तो बांधू नये.

खांद्याचे आणि पाठीचे व्यायाम साधे आहेत. बसून दोन्ही खांदे कानांकडे उचलून सोडावेत. पाठीमागची दोन्ही पाती एकमेकींकडे ओढून पाच अंक मोजावेत. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंतीवर चढत हात वर न्यावा आणि पोहोचेल तिथे खडूची खूण करावी. प्रत्येक व्यायाम ५ ते १० वेळा, दिवसातून ३-४ दा पुरे. ताण जाणवला तरी चालेल, पण कळ आली तर थांबावे. खडूच्या खुणा रोज बोटभर वर सरकू लागल्या, तेव्हाच वडिलांना या व्यायामांवर विश्वास बसला.

चालणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग मारुतीच्या पारापर्यंत, अशी मजल वाढवत न्यावी. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य आहे असे समजावे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावरच चालावे.

वजन उचलण्याबाबत घरातल्या स्त्रियांची अडचण अधिक असते, कारण पाणी, पीठ आणि लेकरू ही वजने कोणी वजनांत धरत नाही. एक लिटर पाणी एक किलो भरते, तेव्हा १५ लिटरचा हंडा भांड्याशिवायच १५ किलोंचा झाला. साधारण पहिले सहा आठवडे तीन-चार किलोंपेक्षा जास्त काहीही उचलू नये, आणि त्यानंतरही सर्जनने मोकळीक दिल्याशिवाय हंडा, सोयाबीनचा कट्टा किंवा कापूस वेचताना पाठीवरचे ओझे घेऊ नये. भाकरी थापण्यात खांदा सतत चालतो. ती सुरुवातीला दुसऱ्या कोणीतरी थापावी, आणि पुढे उंच ओट्याशी उभे राहून एक-दोनपासून सुरुवात करावी. मोटारसायकलवर मागे बसणेही याच काळात टाळावे, आणि एसटीने जावे लागलेच तर मागच्या चाकांवरची जागा सोडून मधली जागा घ्यावी.

शेक द्यायचा तर जखम पूर्ण भरल्यावर, जखमेपासून दूर, पिशवी टॉवेलात गुंडाळून आणि १५ मिनिटांपुरताच द्यावा. बधिर कातडीला चटका कळत नाही, म्हणून पिशवी आधी घरच्यांनी आपल्या मनगटावर लावून पाहावी. बिब्बा लावणे, डाग देणे आणि पाठ मोडून घेणे या तीन गोष्टींना स्पष्ट नकार द्यावा, सांगणारे कितीही जवळचे असोत. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात, आणि सैल झालेल्या बरगड्यांवर कोणी गुडघा देऊन पाठ ‘बसवली’ तर बरगडी मोडू शकते.

काही लक्षणे मात्र पाठदुखी म्हणून अंगावर काढू नयेत. अचानक धाप लागली, थुंकीतून रक्त आले किंवा एका पायाच्या पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर १०८ वर फोन करून तातडीने दवाखाना गाठावा. पायांतली ताकद गेली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर तोही आणीबाणीचाच प्रसंग आहे. ताप येणे किंवा जखमेतून पू वाहणे यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. क्षय किंवा कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : दुखणे एकाच मणक्यावर बोट ठेवून दाखवता येत असेल, रात्री पडल्यावर वाढत असेल, वजन घटत असेल किंवा संध्याकाळी कणकण येत असेल, तर मणक्याची तपासणी करून घ्यावी, कारण हे दोन्ही आजार मणक्यात उतरू शकतात.

दोन महिन्यांनंतरही जळजळ, मुंग्या किंवा कपड्याच्या स्पर्शानेही कळ येत राहिली, तर ते नसेचे दुखणे असू शकते. त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन किंवा प्रेगॅबालिनसारखी वेगळी औषधे दिली जातात, त्यांनी सुरुवातीला गुंगी येते आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात. अशा वेळी तपासणीत नुसते ‘पाठ दुखते’ म्हणू नये. दुखणे ठणकते की जळते, बरगडीच्या रेषेने पुढे येते का, शून्य ते दहापैकी किती आहे, आणि कोणती गोळी किती वाजता घेतल्यावर किती वेळ बरे वाटते, हे आठवडाभर एका वहीत लिहून ती वही सोबत न्यावी. वडिलांचे औषध बदलले गेले ते वहीतली एकच ओळ वाचून : ‘बनियन घातली की जास्त जळतं.’