आम्रकुलातील झाडे ओळखताना या चुका टाळा

आंबा, काजू, बिब्बा, चारोळी आणि मोई ही एकाच आम्रकुलातील झाडे आहेत, एवढे पाठ करून आलेला विद्यार्थी रानात शिरला की पहिल्याच झाडाचे पान चुरगाळून हुंगतो. ही सवय मला सर्वाधिक खटकते, कारण राळवाहिन्या ही या कुलाची मुख्य खूण आहे आणि त्यांतील चीक काही जातींत अंगावर उततो. काही वर्षांपूर्वी किनवटच्या जंगलात एका उतावळ्या मुलाने, मी हाक मारेपर्यंत, बिब्ब्याचे हिरवे फळ नखाने फोडले आणि त्याच बोटाने डोळ्याखालचा घाम पुसला. दुसऱ्या दिवशी नांदेडला पोहोचेपर्यंत त्याचा डोळा सुजून मिटला होता. हातभर लांब, मागून फिकट, फांदीच्या टोकाशी दाटलेली साधी पाने पाहूनच त्याने थांबायला हवे होते. मी चिमट्याने देठ मोडून चीक पांढऱ्या कागदाला टेकवतो आणि डबा खाऊन झाल्यावर डाग पाहतो. तो काळा पडला, तर त्या झाडाला कोणीही हात लावायचा नाही. आणि नाही पडला, तरी चेहऱ्याला बोट लावायचे नाही.

आपल्याकडे काजू किराणा दुकानातच भेटतो, म्हणून ‘काजूचे बी फळाबाहेर असते’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत दरवर्षी उगवते. खरे फळ म्हणजे टोकाचा राखाडी, वाकडा भाग; बी त्याच्या कवचात असते आणि रसाळ बोंड म्हणजे फुगलेला देठ व पुष्पासन. हे पाहायला कोकण गाठण्याची गरज नाही. बिब्ब्यातही नारिंगी, मांसल भागावर काळे फळ बसलेले असते आणि त्या फळाच्या आत गोडंबी असते.

आंब्याची अख्खी कोय म्हणजे बी नव्हे. तिचे कठीण कवच फळाच्या भित्तीचाच आतला थर आहे.

मोहोरातील फुलात एकच पुंकेसर मोजणाऱ्यांनी भिंग वापरावे: सहसा एक फलनक्षम असतो, उरलेले खुरटे व वंध्य असतात.

मोई आणि दुसऱ्या कुलातील काकड या झाडांची गल्लत मात्र समजण्याजोगी आहे, कारण दोन्हींची पाने संयुक्त असतात. मोईच्या पर्णिकांची कडा अखंड, काकडाची दातेरी असते. तरीही शंका उरली, तर मादी फुलाचा अंडाशय ब्लेडने कापून पाहावा: आम्रकुलात प्रत्येक कप्प्यात एकच बीजांड असते, काकडाच्या कुलात दोन. पाच मिनिटांचे हे काम टाळण्यासाठी मोबाइलवरच्या फोटोवरून नाव ठरवणाऱ्यांचे नमुने मी परत करतो.