इनडोअर हॉलचं लाकडी कोर्ट बदलायचंय? खान्देशात मे महिना टाळा

विद्यापीठात असली कामं मे महिन्यात निघतात, कारण तेव्हा हॉल रिकामा असतो. जळगाव-भुसावळकडे मात्र लाकडी कोर्टासाठी यापेक्षा वाईट मुहूर्त नाही. ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात फळ्या सुकून आक्रसलेल्या असतात. तशाच घट्ट ठोकल्या की जुलैत हवेतला ओलावा पितात आणि कोर्ट मधोमध उचलतं. भर पावसाळ्यात बसवलं तर उलट होतं. उन्हाळ्यात फटी पडतात, कोर्टावरच्या पट्ट्यांचा (खेळाच्या रेषांचा) रंग तुटतो.

हिशोब साधा आहे. ५७ मिमी रुंदीच्या मेपलच्या फळीत ओलावा ५ टक्क्यांनी चढला की ती साधारण १ मिमी फुगते. १५ मीटर रुंदीत अशा २६० च्या वर फळ्या बसतात. काही फुगवटा सांध्यांत जिरतो, उरलेल्याला जागा द्यावी लागते. म्हणून भिंतीलगत चारही बाजूंनी ५० मिमी फट ठेवायची आणि वर स्कर्टिंग (फट झाकणारी पट्टी) फक्त भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. ही फट सिमेंटने किंवा फोमने बुजवून टाकणारा मिस्त्री हमखास भेटतो. तिथे उभं राहूनच काम करून घ्या.

लाकूड नोव्हेंबर ते जानेवारीत बसवा. छताचं काम मात्र त्याआधी, पावसाळ्यातच तपासा. उन्हाने पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर तडकतात आणि गळती तिथूनच सुरू होते. वॉशर बदला, गटरातला पाला काढा, मग पाइपने तासभर पाणी सोडून खालून पाहा.

जुनं लाकूड उचकटलं की खालचा कोबा (काँक्रीटची जमीन) बघा. त्याखालची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भराव नीट नसेल तर कोब्याला तडे जातातच. नुसत्या केसासारख्या चिरा भरून चालतं. चिरेच्या दोन्ही कडांची पातळी वेगळी असेल तर तेवढा भाग फोडून नवा घाला. कोब्यावर ३ मीटरची सरळ पट्टी फिरवली तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त पोकळी दिसू नये. नव्या कोब्याला २८ दिवस झाले म्हणजे तो सुकला असं नाही. दर २५ मिमी जाडीला साधारण महिना धरा. कोब्यावर दीड बाय दीड फुटाचं प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटवून एक रात्र ठेवा. आतून दव आलं तर थांबा.

व्हॉलीबॉल-बॅडमिंटनच्या खांबांचे सॉकेट याच टप्प्यात पुरा. नंतर नवं कोर्ट कापत बसावं लागतं. मग प्लॅस्टिक, रबर पॅड, बॅटन (आधाराच्या लाकडी पट्ट्या), प्लायवूड, फळ्या या क्रमाने खालून वर चढवा. फळ्यांचे गठ्ठे आठ-दहा दिवस आधी हॉलमध्ये उघडून ठेवा आणि मॉइश्चर मीटरवर ६ ते ९ टक्के आल्याशिवाय ठोकू नका.

घासाई ३६-४०, ६०, मग १०० नंबरच्या सँडपेपरने. धूळ पूर्ण ओढून घेतल्यावर सीलरचे दोन हात, त्यावर पट्टे, शेवटी फिनिशचे दोन हात. (मेमधली दुसरी अडचण हीच: गरम हवेत पॉलिश पसरण्याआधीच सुकतं, बुडबुडे येतात आणि वावटळीची धूळ चिकटते.)

पट्ट्यांत हमखास चूक होते. बॅडमिंटनची रेष ४० मिमी, बास्केटबॉल-व्हॉलीबॉलची ५० मिमी. बॅडमिंटनचं १३.४० × ६.१० मीटर आणि व्हॉलीबॉलचं १८ × ९ मीटर हे माप रेषांच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात. बास्केटबॉलचं २८ × १५ मीटर मात्र आतल्या कडेपासून. बॅडमिंटनचे दिवे कोर्टाच्या बरोबर डोक्यावर नकोत, बाजूने लावा. मागची भिंत गडद रंगवा, पांढऱ्यावर शटल दिसत नाही.

आणि हो, डेझर्ट कूलर. उकाड्यात तो आणण्याची मागणी येणारच, पण तो दिवसभर पाण्याची वाफच लाकडात भरतो, शिवाय वाऱ्याने शटल भरकटतं. छताला टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारा पंखा) आणि पत्र्याखाली इन्सुलेशन करा. रोजची सफाई कोरड्या मॉपने. बादलीभर पाण्याने पुसायचं नाही, हे सफाई कामगारांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.