रंगाच्या डब्याआधी तराजू

पाऊस ओसरला, नागपुरात सोनेगाव विमानतळावरचं आभाळ निवळलं, की जुन्या विमानावरचं कव्हर निघतं आणि पहिली हौस येते रंगाची. तिथेच हात आवरायचा. उडताना एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी), एलिव्हेटर किंवा रडर (शेपटीच्या आडव्या आणि उभ्या हलत्या फळ्या) आपोआप थडथडू लागतो, त्या फ्लटरचं मूळ कधीकधी याच हौसेत असतं. रंगाच्या थराने एलेरॉनचं वजन बिजागरीच्या मागे सरकलं, की पंख वर-खाली होताना तो मागे रेंगाळतो, हवा पंखाला आणखी ढकलते आणि हेलकावे वाढतच जातात. सावरायला काही सेकंदही मिळत नाहीत.

म्हणून आधी लॉगबुक काढायचं. फॅब्रिक कधी बदललं, जुना डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) खरवडला होता की त्यावरच नवा चढवला, ठिगळं कुठे लागली, हे सगळं बघायचं. मागच्या कडेवरचे ग्रॅम फार महाग पडतात. बिजागरीपासून ३० सेंटीमीटर मागे १० ग्रॅम रंग चढला, तर तोल साधायला ५ सेंटीमीटर पुढे ६० ग्रॅम शिसं लागतं. त्यामुळे एलेरॉन काढून, बिजागरीच्या रेषेवर धारेवर टेकवून, तोल मोजायचाच. मोजताना हँगरमधला कूलर बंद ठेवायचा, नाहीतर काटा नाचत राहतो. मर्यादा त्याच विमानाच्या मॅन्युअलमधली घ्यायची. ‘पुष्पक’ या छोट्या विमानाचा आकडा दुसऱ्या विमानाला चालत नाही. शिसं अंदाजाने भरायचं नाही. ते एएमईचं, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं काम, आणि त्याची नोंद हवी.

एलेरॉन काढलाच आहे तर आतही बघून घ्या. पावसाळ्यात पाणी निघायची भोकं बुजतात, आणि आपल्याकडे कुंभारीण माशी मातीचं घर बांधायला अशीच अंधारी पोकळी शोधते. सुकलेली माती मागच्या कडेला असेल, तर ती रंगाइतकीच वाईट.

मग ढिलाई. ट्रिम टॅबची (एलिव्हेटरच्या मागच्या कडेवरच्या छोट्या फळीची) कड बोटांत धरून हलवायची आणि खेळ मोजायचा. ‘थोडासाच आहे’ हे माप नव्हे. २०११ मध्ये अमेरिकेत रेनोच्या शर्यतीत एक जुनं पी-५१ लढाऊ विमान कोसळलं आणि ११ जण गेले. जुन्या लॉकनटांची पकड गेली होती, स्क्रू ढिले झाले आणि ट्रिम टॅब फ्लटरमध्ये गेला. ते विमान शर्यतीसाठी बदललेलं आणि प्रचंड वेगवान होतं हे खरं, पण नट जुना वापरू नये हे छोट्या विमानालाही लागू आहे. एलिव्हेटरचे दोन भाग जोडणारी नळीही तपासा. १९१६ साली हँडली पेज बॉम्बरची शेपटी थरथरायची, कारण दोन्ही एलिव्हेटर एकमेकांना पक्के जोडलेले नव्हते.

या फळ्या हलवणाऱ्या केबलचा ताण टेन्शनमीटरने आणि तापमानाचा तक्ता समोर ठेवूनच लावायचा. अल्युमिनियमचा सांगाडा पोलादी केबलपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. मेअखेरच्या नवतप्यात बरोबर वाटलेली केबल डिसेंबरच्या पहाटे सैल पडते. टर्नबकलची (केबल ताणायच्या स्क्रूची) लॉकवायर, म्हणजे तो फिरू न देणारी तार, बघून पुढे जा.

उडताना वेगदर्शकाची लाल रेघ ही शेवटची हद्द. जुन्या विमानात मी तरी तिच्या बरंच अलीकडे थांबतो. मे महिन्यात ४५ अंशांत इथली हवा इतकी विरळ होते, की काटा १०० दाखवतो तेव्हा खरा वेग १०७ च्या आसपास असतो; वर चढाल तसा फरक वाढतो. फ्लटरला तो खरा वेगही कळतो. हातातला दांडा (कंट्रोल स्टिक) थरथरलाच, तर थ्रॉटल मागे, दांडा घट्ट, नाक हळूच वर, वेग उतरवून सरळ लँडिंग. तपासणीशिवाय पुन्हा उड्डाण नाही.

आता रंग. पातळ थर द्या, आणि वाळला की तोच एलेरॉन पुन्हा काट्यावर ठेवा. संत्र्याच्या रंगाचा पट्टा हवाच असेल, तर तो विमानाच्या अंगावर मारा, एलेरॉनवर नको.