होजिचा बेचव का लागतो? घेताना आणि करताना या चुका टाळा

होजिचाचं पाकीट हौसेनं आणलं, एकदा करून पाहिला आणि 'हे तर नुसतं गरम पाणी' म्हणून कपाटात मागे ढकलून दिलं, असं सांगणारे बरेच भेटतात. बहुतेकांचं चुकतं एकाच ठिकाणी. हाही ग्रीन टीच म्हणून ते त्याला इतर ग्रीन टीसारखं वागवतात. जपानीत 'होजिरु' म्हणजे भाजणं, आणि होजिचा म्हणजे सरळ भाजलेला चहा. थालीपिठाची भाजणी किंवा लाडवाचा रवा ज्याच्या हाताला कळतो, त्याला हा चहा कळायला वेळ लागू नये.

पाकीट उघडल्यावर पानं तपकिरी दिसली तर माल जुना समजू नका. खुडलेली पानं आधी वाफवतात, त्यामुळे ती काळ्या चहासारखी होत नाहीत. म्हणून तो ग्रीन टी. मग साधारण 200 अंशांच्या आसपास भाजल्यावर हिरवेपणा जातो, तुरटपणा बराच कमी होतो आणि खमंग वास येतो. क्योतोमध्ये 1920 च्या दशकात हा प्रकार रुळला, असं सांगितलं जातं. जाड पानं आणि देठ वाया जाऊ नयेत हा त्यामागचा व्यापारी हिशोब होता. हा रोजच्या जेवणानंतरचा चहा आहे. माचाच्या, म्हणजे त्या महागड्या हिरव्या चहापुडीच्या भावानं कुणी विकत असेल तर पाकीट परत ठेवा.

पाकिटावर काय वाचायचं

सगळे होजिचा एका चवीचे नसतात. बान्चाचा, म्हणजे मोठ्या, निबर पानांचा असेल तर हलका आणि स्वस्त. सेन्चाच्या, म्हणजे नेहमीच्या न भाजलेल्या जपानी ग्रीन टीच्या पानांचा असेल तर जरा भरीव. मला सगळ्यांत आवडतो तो देठांचा. इशिकावा प्रांतात कानाझावा आणि कागा भागात नुसते देठ भाजून 'कागा बोचा' करतात. तो गोडसर लागतो आणि कडवट जवळजवळ होतच नाही. 1983 मध्ये जपानचे शोवा सम्राट (हिरोहितो) तिकडे गेले तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्या खुडणीच्या देठांचा मुद्दाम हलका भाजलेला चहा केला गेला, आणि तेव्हापासून या साध्या देठांचा मान वाढला. 'आसाइरी' म्हणजे कमी भाजलेला, 'फुकाइरी' म्हणजे चांगला खरपूस. पहिल्यांदा घेताय तर खरपूस घेऊ नका. तो दुधात छान लागतो, पण नुसता प्यायला करपट वाटू शकतो.

क्योतोला गेलात तर 'क्योबान्चा' किंवा 'इरिबान्चा' मात्र कसा असतो ते आधी विचारून मगच घ्या. मी विचारलं नव्हतं. पानं मोठी, न वळलेली, अगदी पालापाचोळ्यासारखी, आणि वास विझलेल्या शेकोटीचा. हॉटेलच्या खोलीवर पिशवी उघडली आणि दुसऱ्या दिवशी बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना धुराचा वास. चहा खराब निघाला म्हणून मी चिडले होते, पण तो तसाच असतो. क्योतोतली कित्येक घरं त्याच्यावरच वाढलेली आहेत, आणि हा एक चहा आपल्यासारखा पातेल्यात उकळायलाही चालतो. मला आवडायला तीन वर्षं लागली.

तारखेची गल्लत तर हमखास होते. जपानी पाकिटावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. '27.04.09' म्हणजे 9 एप्रिल 2027. आपण ते 27 एप्रिल 2009 वाचतो आणि हादरतो.

लाटेसाठी, म्हणजे दुधातल्या होजिचासाठी पूड घेताना घटकांची यादी बघा. साखर पहिली असेल तर तुम्ही चहाच्या वासाची साखर विकत घेताय.

पाणीदार होतो, कारण पत्ती कमी पडते

आपली दाणेदार चहापत्ती चमच्यात गच्च बसते. होजिचा फुललेला आणि हलका असतो. तोच एक छोटा चमचा घातला की कपात काहीच उतरत नाही. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात होजिचा काढण्याचं प्रमाण दिलंय: 15 ग्रॅम पत्ती, 650 मिली पाणी, 90 अंश, अर्धा मिनिट. म्हणजे दीडशे मिलीच्या कपाला साडेतीन ग्रॅम. जेवणाचे मोठे दोन चमचे तरी भरतात. एकदा वजनकाट्यावर मोजून बघा, मग डोळ्यांना अंदाज येतो.

दुसरी चूक पाण्याची. सेन्चाला सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी हवं हे वाचून लोक इथेही पाणी निववतात. इथे नको. उकळी आलेलं पाणी थेट ओता, त्याशिवाय भाजल्याचा वास सुटत नाही. अर्धा मिनिट, फार तर पाऊण. मग शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्या, पाणी पत्तीवर राहिलं तर दुसरा कप बिघडतो. फिका वाटला तर वेळ वाढवू नका, पत्ती वाढवा.

भांडं चिनी मातीचं, काचेचं, स्टीलचं, काहीही चालेल. फक्त सेन्चासाठी ठेवलेली झिलई नसलेली मातीची किटली यात घालू नका, वास धरून बसते.

थंड हवा असेल तर दुप्पट पत्तीचा गरम काढून बर्फावर ओता. रात्रभर गार पाण्यात भिजवायची पद्धत सेन्चाला शोभते, यात वास अर्धाच उतरतो.

'कॅफीन नसतं, रात्री खुशाल प्या' हेही अर्धवट आहे. त्याच तक्त्यात 100 मिली होजिचात 20 मिलिग्रॅम कॅफीन आहे, सेन्चाएवढंच. कॉफीत 60, ग्योकुरो या सावलीत वाढवलेल्या ग्रीन टीत 160. म्हणजे कमी आहे, नाही असं नाही. ज्यांची झोप चहानं उडते त्यांनी जेवणानंतरचा एक कप पुरे म्हणावं.

दूध आणि गूळ

काढलेल्या होजिचात दूध ओतलं की दोन्ही वाया. दुधाचा हवा असेल तर पूड घ्या: दोन ग्रॅम चाळून, थोड्या कढत पाण्यात घोटून, मग वर गरम दूध. पूड विरघळत नाही, तळाशी बसतेच, ढवळत प्या. आलं-वेलची नको. ओकिनावाची काळी साखर यात फार जमते, आणि ती आपल्या गुळाची सख्खी बहीण आहे, म्हणून मी गूळ घालते. गुळाच्या चहाचं दूध फाटतं हे तुम्हाला माहीत आहेच. गॅस बंद करून, शेवटी घाला.

वास गेला तर

भाजणीचा डबा उघडा राहिला की काय होतं ते आठवा. होजिचाचंही तेच होतं, शिवाय तो शेजारचे वास ओढून घेतो. मसाल्याच्या कपाटात नको, फ्रिजमध्येही नको. गार पाकीट पावसाळी हवेत उघडलं की आत दव धरतं. शंभर ग्रॅममध्ये अठ्ठावीसेक कप होतात. तेवढंच आणा आणि महिन्याभरात संपवा.

तरीही वास उडाला असेल तर फेकू नका. जपानी घरांत यासाठी 'होरोकु' असतं, पोकळ दांड्याचं मातीचं छोटं भांडं. भाजून झालं की दांड्यातूनच पानं ओततात. आपल्याकडे जाड बुडाची कोरडी कढई पुरते, पण फोडणीची नको, नाहीतर चहाला हिंग लागेल. मंद आचेवर, सतत हलवत, अर्धा-एक मिनिट. शिळा झालेला सेन्चाही असाच भाजता येतो, त्याला चार-पाच मिनिटं लागतात. हवा तो रंग येण्याच्या जरा आधीच उतरवा, कढईच्या धगीनं तो पुढे जातोच. आणि गरम गरम डब्यात भरू नका, कागदावर पसरून निवू द्या.