व्हेपसाठी लेदरचं कव्हर घरी शिवायचंय? आधी बटण कुठंय ते बघा

लेदरचं काम म्हटलं की सगळे आधी शिवण्याची भीती घेतात. खरं तर शिवणं हा यातला सगळ्यात सरळ भाग आहे, दोन-तीन तुकडे शिवले की हात बसतो. कव्हर फसतं ते मापात आणि भोकांत. व्हेप म्हणजे ई-सिगारेट, आत बॅटरी, लिक्विड तापवणारी तार (कॉइल) आणि दाबलं की ती तापवणारं बटण असलेली वस्तू, त्यामुळे दिसायला झकास पण बटणावर दाब देणारं कव्हर असेल तर ते नसलेलंच बरं. (तुमच्याकडे व्हेप नसेल तर हीच पद्धत टॉर्चला, पॉवरबँकला, छोट्या रेडिओला जशीच्या तशी चालते, फक्त भोकांच्या जागा बदलतात.)

मी इथे बॉक्स मॉड (मॉड म्हणजे व्हेपचा बॅटरी आणि बटणवाला भाग) धरून सांगतोय, म्हणजे ते चौकोनी, एक किंवा दोन १८६५० सेलवालं. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब सेल, आणि २१७०० असेल तर २१ आणि ७०. पॉड (लिक्विडची छोटी डबी बसवायचं व्हेप) छोटा असतो, त्याला लेदर थोडं पातळ घ्या, बाकी सगळं तेच. पेनसारखा गोल असेल तर नुसती नळी शिवायची, फार डोकं लावायला नको. एक मात्र स्पष्ट सांगतो, ज्यात काहीच सर्किट नसतं त्या मेकॅनिकल मॉडला बटण झाकणारं किंवा खालून बंद असं कव्हर करू नका. साध्या मॉडला बऱ्याचदा १० सेकंदांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, मेकॅनिकलला तसलं काही नसतं, बटण दाबलेलं राहिलं की तापतच जातं.

आता डिव्हाइस हातात घेऊन नीट फिरवून बघा. फायर बटण, म्हणजे कॉइल तापवायचं मुख्य बटण, बहुतेक वेळा अरुंद बाजूवर असतं, त्याच बाजूला स्क्रीन, वर-खाली करायची बटणं आणि चार्जिंगचं भोक. म्हणजे शिवण त्या बाजूला येताच कामा नये. नवीन माणूस समोरचा एक तुकडा आणि मागचा एक तुकडा कापून दोन्ही कडांना शिवतो, मग शिवण बरोब्बर बटणावर येते आणि सगळं परत. त्यापेक्षा एकच तुकडा बटणाच्या बाजूने गुंडाळायचा आणि शिवण फक्त मागच्या अरुंद कडेवर घ्यायची. वरचं तोंड उघडं, म्हणजे टँक (वर बसणारी लिक्विडची टाकी) मोकळा. खालीसुद्धा पूर्ण बंद करायचं नाही, कारण बऱ्याच मॉडच्या तळाला बारीक भोकं असतात, सेल बिघडलाच तर आतला गॅस तिथून बाहेर पडावा म्हणून. ती बुजवायची नाहीत. तळाला फक्त २० मिमी रुंदीची एक पट्टी आडवी जाऊ द्या, डिव्हाइस खाली निसटू नये एवढ्यापुरती, आणि ती भोकांवर येणार नाही अशी सरकवा. तुमच्या मॉडचा सेल तळाच्या झाकणातून बदलायचा असेल तर ती पट्टी शिवून टाकू नका, तिला टिचबटण लावा.

लेदर कुठलं? व्हेज टॅन. झाडाची साल, हिरडा असल्या गोष्टींतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं, जे पाण्यात भिजवून आकार दिला की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. मऊ पर्स-जॅकेटचं जे असतं ते बहुतेक क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, ते कितीही भिजवा, वाळलं की परत ढिलं. जाडी १.५ ते २ मिमी. लेदर औंसात विकत असतील तर १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी, म्हणजे ४ ते ५ औंस मागा. ३ मिमीचं दणकट वाटतं खरं पण एवढ्या छोट्या वस्तूच्या कोपऱ्यांवर ते वळत नाही, आणि खिशात वीट ठेवल्यासारखं वाटतं. पोटाकडचं चामडं घेऊ नका, ते वेडंवाकडं ताणतं. पाठीचं किंवा खांद्याचं घ्या.

माप घ्यायची सोपी रीत म्हणजे कागदाची पट्टी डिव्हाइसभोवती घट्ट गुंडाळून जिथे टोकं भेटतात तिथे खूण करणे. फूटपट्टीने बाजू मोजून बेरीज केली तर गोल कोपरे विसरले जातात. समजा तुमचा मॉड ८५ मिमी उंच, ५० रुंद, २८ जाड आहे, तर घेर आला साधारण १५६. आता लेदरला स्वतःची जाडी आहे, ते वळताना बाहेरून जास्त अंतर जातं, म्हणून घेरात जाडीच्या सव्वातीनपट मिळवायचं. १.६ मिमीचं लेदर असेल तर ५ मिमी, झाले १६१. शिवणीला दोन्ही टोकांना ८-८ मिमी, म्हणजे एकूण १७७. उंची डिव्हाइसपेक्षा २-३ मिमी कमी ठेवा म्हणजे टँकचा बुडखा लेदरला घासणार नाही. खालची पट्टी एका रुंद बाजूला जोडूनच कापा, लांबी ५० ते ५५ मिमी, तळाचे २८ ओलांडून पलीकडे अडकायला पुरेल एवढी. हे सगळं आधी जाड पुठ्ठ्यावर काढून गुंडाळून बघायचं. पुठ्ठा दहा वेळा कापला तरी काही बिघडत नाही, लेदर एकदाच कापलं जातं.

कापताना धारदार कटर आणि स्टीलची पट्टी, एका झटक्यात नाही तर हलक्या हाताने दोन-तीन वेळा. रापी (चांभाराची चामडं कापायची सुरी) वापरायची सवय असेल तर उत्तमच.

आता खरा मजेचा भाग, ओलं करून आकार देणे. खऱ्या डिव्हाइसवर ओलं लेदर लावू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुद्धा नाही, एक बारीक छिद्र पडलं की पाणी चार्जिंगच्या भोकात. त्याऐवजी त्याच मापाचा लाकडी ठोकळा करा, मऊ लाकूड चालतं, कोपरे डिव्हाइससारखेच गोल घासा आणि वर प्लास्टिकच्या चिकटपट्टीचे एक-दोन वेढे द्या, कारण लेदर वाळताना किंचित आवळतं आणि तेवढी जागा लागते. ठोकळ्यावर बटणाच्या आणि स्क्रीनच्या नेमक्या जागी लेदरचाच एक-दीड मिमी जाड तुकडा चिकटवा. ओलं लेदर त्यावर दाबलं की बाहेरून ठसा उमटतो आणि वाळल्यावर कुठे भोक पाडायचं ते डोळ्यांना दिसतं. म्हणूनच खिडक्या आधी कापायच्या नाहीत, ओलं लेदर ताणलं जातं आणि आधी कापलेलं भोक २-३ मिमी सरकतंच.

कोमट पाण्यात तुकडा बुडवा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत, मग बाहेर काढून थोडा वेळ तसाच ठेवा. वरचा रंग मूळच्या रंगाकडे यायला लागला पण हात लावला तर गार लागतो, ती वेळ बरोबर. चिंब ओलं असताना आकार धरत नाही. ठोकळ्यावर गुंडाळून अंगठ्याने, चमच्याच्या पाठीने कोपरे दाबत राहा, नखं लावू नका, ओल्या लेदरवर नखाचा ओरखडा कायमचा राहतो. शिवणीच्या बाजूला दोन्ही टोकं एकत्र धरून प्लास्टिकचे किंवा लाकडी चिमटे लावा. साधे लोखंडी चिमटे, खिळे, टाचण्या लावल्या तर निळे-काळे डाग पडतात, टॅनिन आणि लोखंड ओलं असताना भेटलं की हे होणारच. पडलाच डाग तर लिंबाचा रस हलकेच लावून पुसा, बराचसा जातो. वाळायला सावलीत एक दिवस. हेअर ड्रायर, ऊन, हीटर काही नको, लेदर आकसतं आणि पापडासारखं कडक होतं.

वाळलं की ठसे दिसतील. बटणाचं भोक बटणापेक्षा सगळीकडून २ मिमी मोठं करा. बटणावरून लेदर नेऊन "वरून दाबता येईल" असं डिझाइन लोक करतात, मला ते अजिबात पटत नाही, घट्ट बसलं तर बटण अर्धवट दाबलेलं राहू शकतं. लेदरची जाडीच बटणाभोवती कठड्याचं काम करते, खिशात चुकून दाबलं जाणं तेवढ्याने बरंच कमी होतं (तरी खिशात टाकताना मॉड लॉक करायची सवय ठेवाच, बहुतेकांना पटापट पाच वेळा दाबलं की बंद होतं). स्क्रीनची खिडकी कापताना चारही कोपऱ्यांत आधी गोल पंचाने छोटं भोक पाडा आणि मग भोकं सरळ रेषेने जोडा. टोकदार कोपरा ठेवला तर पुढे तिथूनच फाटतं. चार्जिंगच्या भोकाला केबलच्या प्लास्टिकच्या जाड डोक्याचं माप घ्या, नुसत्या पिनचं नाही.

रंग द्यायचा तर आत्ता, शिवायच्या आधी. स्पिरिटवाला डाय, फडक्याने गोल गोल, दोन पातळ हात. खिडक्यांच्या आणि वरच्या तोंडाच्या कडा पण आत्ताच गुळगुळीत करून घ्या, २२० मग ४०० मग ६०० चा पॉलिशपेपर, नंतर थोडं पाणी किंवा डिंक लावून लाकडाच्या गुळगुळीत दांड्याने जोरात घासायचं, चमक येईपर्यंत. शिवल्यावर आत हात जात नाही.

शिवणीच्या ८ मिमी पट्ट्यांना आतून किंचित खरवडून दोन्ही बाजूंना लेदरचा गोंद लावा, बोटाला चिकटेनासा झाला की जोडून दाबा. कडेपासून ४ मिमीवर डिव्हायडरने रेघ मारा, त्यावर ४ मिमी अंतराच्या काट्याच्या पंचाने भोकं, काटा नसेल तर रेघेवर खुणा करून आरीने एक एक. दोरा मेणाचा, ०.८ मिमीच्या आसपास, शिवणीच्या चौपट लांब आणि वर सुयांसाठी थोडा, म्हणजे ८५ मिमीला ६० सेंमी पुरतो. एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन बोथट सुया ओवायच्या, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या आणि दर टाक्याला सारखंच ओढायचं. कुठली सुई आधी आणि कुठली नंतर हा क्रम एकदा ठरवला की शेवटपर्यंत तोच, नाहीतर टाके एका बाजूला तिरके आणि एका बाजूला सरळ दिसतात. याला सॅडल स्टिच म्हणतात आणि मशीनच्या टाक्यापेक्षा हा भारी, कारण एका ठिकाणी दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी दोन-तीन भोकं उलटं येऊन दोरा कापा, पॉलिएस्टर असेल तर टोक लायटरने जरासं वितळवा. मग शिवणीची कड घासून एकजीव करा, दोन थर होते हे कळलं पण नाही पाहिजे.

टिचबटण लावलं तर त्याची आतली धातूची बाजू पातळ लेदरच्या तुकड्याने झाका, नाहीतर डिव्हाइसवर ओरखडे.

शेवटचा हात मेणाचा. व्हेपचं लिक्विड म्हणजे मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन, टँक जरा गळला की ते लेदरमध्ये शिरतं, काळपट चिकट डाग पडतो आणि तो निघत नाही. वरच्या तोंडाला आतून-बाहेरून मधमाशीचं मेण जरा जास्त चोळा. तेल मात्र जपून, जास्त पाजलं तर एवढं मेहनतीने बसवलेलं कव्हर मऊ पडून ढिलं होतं. आणि भरपूर गळलंच असेल तर कव्हर काढून ठेवा, डिव्हाइस पुसा, हात धुवा, निकोटीन कातडीतून पण आत जातं. लेदर पूर्ण वाळेपर्यंत त्यात परत काही घालू नका. पहिल्यांदा घालताना घट्ट जाणार, तसंच पाहिजे. आठवडाभरात लेदर सैलावून बरोबर बसतं, आणि तेव्हाही जास्तच घट्ट वाटलं तर ठोकळ्यावर चिकटपट्टीचा अजून एक वेढा देऊन कव्हर आतून हलकंसं ओलं करून एक रात्र चढवून ठेवा.