शांत करणारी गोळी सुरू करण्याआधी

आईची बोटं दिवसभर चादरीची कड दुमडत असायची. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) माझं नाव विसरली, पण तुरपाई हातात राहिली. संध्याकाळी मात्र ओरडायची, अंगावर धावून यायची. क्वेटियापिन ही शांत करणारी गोळी सुरू झाली आणि चौथ्या दिवशी बोटं थांबली. फाइलीत शेरा पडला: ‘पेशंट शांत’. मलाही हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तुमच्याकडे कुणाला अशी गोळी लिहून दिली, तर आधी विचारा, ‘नेमकी कशासाठी?’ ‘चिडचिड करतात’ एवढ्यावर थांबू नका. कधी, कुणावर, काय चाललेलं असताना, हे तीन-चार दिवस वहीत लिहा. मी उलटं केलं. गोळी आधी, चौकशी मागून. सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, “कपडे बदलतानाच हो, डावा हात वर केला की.” खांदा दुखत होता आणि ते सांगायला आईकडे शब्द उरले नव्हते. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कानातला मळ, हरवलेला चष्मा, हे सगळं तपासून घ्या. (कानाचं मशीन बंद पडलं तरी माणूस ‘ऐकत नाही’ ठरतो.)

कधी कधी गोळी लागतेच. भास होऊन कुणी रात्रभर थरथरत असेल, तर नाही कसं म्हणणार? पण डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये क्वेटियापिनच्या गटातल्या (अँटीसायकोटिक) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ सालीच दिला आहे. डिमेन्शियाच्या ल्यूई बॉडी प्रकारात तर या औषधांनी अंग एकदम आखडू शकतं. म्हणून डोस लिहून घेतानाच तो कमी करून बघायची तारीखही लिहून घ्या. मनाने बंद मात्र करू नका.

फाइलीच्या सगळ्यात वर एक पान लावा. त्यावर निदान नको, माणूस हवा. आमच्या पानावर होतं: ‘ताई म्हणा, सहा नंबर नको. उजव्या कानाशी बोला. हात रिकामे असले की घाबरतात, कापडाचा तुकडा द्या.’

डॉक्टरांनी डोस निम्मा केला. अकराव्या दिवशी आईने माझ्या शर्टाची बाही ओढली, उलटी केली आणि उसवलेल्या शिवणीवर बोट ठेवलं.